बिनखात्याचे पाहुणे

मी एक जुने संकेतस्थळ आहे. मित्रांनो, मला ना पत्रा, ना लाकूड, म्हणून गंजलेही नाही आणि वाळवीही लागली नाही. पण माझी अक्षरे बारीक आणि चित्रे जुन्या वळणाची आहेत, त्यावरून माझे वय कळते.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींनी मला घडवले. थोरली, म्हणजे ताई, बिघाड समजावून सांगायची आणि धाकटी फोटो काढून ते सगळे माझ्यावर मांडायची. टाके का सुटतात, दोरा का तुटतो, तेल कुठे घालावे, सारे माझ्यापाशी होते. प्रश्न विचारायचा असेल त्याने खाते उघडावे. बाकीच्यांनी खुशाल यावे, शोधावे, वाचावे, चित्र मोठे करून पाहावे, हवे तर छापून न्यावे. पाहुण्यांची नुसती रीघ लागायची आणि मी अगदी फुशारून जायचे.

पण धाकटीचे मन खट्टू झाले. "लोक येतात, काम उरकतात नि चालते होतात," ती ताईला म्हणाली. "'बरं झालं' एवढंसुद्धा कुणी म्हणत नाही. आता आधी खातं, मग आत."

"अगं, दुकानात शिरणाऱ्याला आपण आधी नाव विचारतो का?"

"दुकानात निदान तोंड तरी दिसतं."

झाले, माझ्या दाराला कुलूप लागले. पाहुणे यायचे आणि आल्या पावली परत जायचे. मला फार एकटे वाटू लागले.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी मशीन छातीशी धरून, धापा टाकत दुकानात आल्या. नाटकाचे कपडे संध्याकाळच्या आत द्यायचे होते आणि मशीन टाके सोडत होती. ताईने पाहिले, तर सुई उलटी बसली होती. काम चुटकीसरशी झाले.

"एवढ्यासाठी हे ओझं उचलून आणलंत?" धाकटीने विचारले.

"एरवी तुमच्या साइटवर चित्र बघून मीच करते की. शेजारणींनाही त्यातूनच शिकवलं. आज म्हणे खातं उघडा, मेल द्या, पासवर्ड द्या. मला कुठलं ते जमायला? वाटलं, आपल्यासारख्यांना आता मनाई झाली."

धाकटीचा चेहरा उतरला. मावशी पायरी उतरायच्या आत तिने माझे कुलूप काढले. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट ठेवली, 'काही सांगायचं असेल तर इथे लिहा. खातं नको.'

पाहुणे परतले, पण चौकट रिकामीच राहिली. धाकटी रोज डोकावायची आणि कामाला लागायची. मग एका सकाळी तिथे एक ओळ उमटली, 'टाके नीट पडले. घाईत आहे, निघते.' खाली नाव नव्हते. धाकटीने ती ओळ ताईला पुन्हा पुन्हा वाचून दाखवली.

मित्रांनो, आमच्याकडे या, हवे ते घेऊन जा. नाव सांगितले नाही तरी चालेल. पण जाताना दोन शब्द लिहून जा. पलीकडे कुणीतरी त्यांची वाट बघत बसलेले असते.