नवे पॅड

मिस्त्रीला गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळायचं, माणसाचं मात्र सांगूनही कळत नसे. धाकट्या भावाशी त्याचा आठ महिने अबोला होता. गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी असताना धाकट्याच्या मोटरसायकलचा ब्रेक करकरला आणि हा सगळ्यांदेखत म्हणाला, "पॅड बदल म्हणून कितीदा सांगितलं. गाडी उडवता येते, सांभाळायची अक्कल नाही." धाकट्याने किल्ली उचलली आणि गेला. तेव्हापासून एकाच घरात "वहिनी, दादाला सांग" आणि "अगं, त्याला विचार" सुरू झालं. मिस्त्रीच्या बायकोचं पार टपालखातं झालं.

एका रविवारी धाकटा जेवून झोपला, तशी मिस्त्रीने हळूच त्याची गाडी अंगणात घेतली. ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. कडक पॅड जास्त टिकतात, पण थंड असताना पकडत नाहीत, आणि हा पठ्ठ्या सदा घोड्यावर बसलेला. म्हणून मिस्त्रीने बराच विचार करून मऊ पॅड निवडले. पॅड धरणारा कॅलिपर साफ केला, पॅड बसवले, लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबली आणि गाडी होती तिथे लावून ठेवली.

नवे पॅड चाकाच्या डिस्कवर घासून बसेपर्यंत नीट पकडत नाहीत, पहिले दोन दिवस जपून चालवा, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा ऐकवायचा. सख्ख्या भावाला ऐकवायचं तर आधी तोंड उघडावं लागणार होतं. बायकोकडे निरोपही दिला नाही. करकर थांबली की कळेलच त्याला, येईल आपणहून, अशी त्याची ऐट. मोठेपणाची हौस कुणाला नसते?

संध्याकाळी धाकटा निघाला. उतारावर अचानक समोर टेम्पो वळला. ब्रेक दाबला, पण गाडी वेळेत थांबली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात वहिनी औषधं आणायला खाली गेली आणि धाकटाच बोलला.

"दादा, चूक माझी. तू पॅड बदल म्हणत होतास, मी हट्टाला पेटलो."

आठ महिन्यांनी कानावर आलेलं 'दादा'. गप्प राहिलं असतं तर दोष जुन्या पॅडवर गेला असता आणि भाऊ परत मिळाला असता. मिस्त्रीला तो मोह झाला, खोटं कशाला बोला. पण प्लास्टरकडे बघवेना.

"पॅड नवे होते," तो म्हणाला. "दुपारी मीच घातले. जपून चालव, एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही."

धाकटा चिडला नाही. चिडला असता तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

"सांगायचं होतंस रे," धाकटा हळूच म्हणाला. "मी आठ महिने तुझ्या एका शब्दाची वाट बघत होतो. कसलाही चालला असता. शिवीसुद्धा."