देवीला वाहिलेला हिरडा

ज्या साली झुंबरबाईच्या लेकीचं, रत्नाचं, लग्न तोंडाला फडकी बांधून लागलं, त्याच साली जूनच्या वादळानं तिच्या घरामागच्या उतारावरचे म्हातारे हिरडे मुळासकट आडवे केले. दोनच वाचले. सावली गेली, ऊन आलं, आणि उन्हामागं रानमोडीचं तण असं माजलं की गवत, कोळूची भाजी, सगळं त्याच्याखाली गुदमरलं.

हिरड्याचं नवं रोप म्हणाल तर औषधाला नाही. येणार कुठून? बाळहिरडा विकायचा म्हणून कोवळं फळच आपण ओरबाडतो; पिकून मातीत पडायला मागं ठेवतो कोण?

पुढच्या उन्हाळ्यात झुंबरबाईनं खालच्या झाडाला लाल फडकं बांधलं आणि झाड वरसूबाईला वाहून टाकलं. देवीच्या झाडाला हात लावायची कुणाची छाती!

नवरा गेणभाऊ भडकला. "देवीला कशाला? वानरांना वाह्यलं म्हण की!"

"वानरं निदान बी तरी खाली टाकत्यात. तुमी काय टाकता?"

फळं पिकली, गळाली. झुंबरबाई पावसाळाभर रानमोडी उपटायची. पुढच्या पावसातही काही उगवलं नाही. तोवर गेणभाऊच्या पायांनी दगा दिला. बाजेवरून तो टोमणे मारी, "रोप दिसंल तवा मी वर गेलेलो आसन!" तेवढंच तिला झोंबायचं. याच्या डोळ्यांदेखत एक तरी रोप यावं!

तिसऱ्या श्रावणात रानमोडीचा झुबका उपटला, तर खाली दोन कोवळी पानं. तिनं बोटानं माती उकरली. फुटलेली हिरड्याची बी! शेजारी दुसरं रोप. पलीकडं आणखी. आणि मधूनमधून कोळूची हिरवी पातीसुद्धा!

"आवं, आलं! आलं वो!" ती ओरडत, घसरत घराकडं पळाली. पोरगा दादाभाऊनं बापाला पाठुंगळी घेतलं.

"पावसात कुठं नेतो रं मला?"

"गप बसा आबा, बघा तरी!"

गेणभाऊ चिखलात फतकल मारून बसला. पानाला बोट लावलं आणि एकदम खेकसला, "आगं, पाय बघून ठेव! चेंगरशील की!" मग हसतच सुटला. "दादाभाऊ, लाल फडकं आण. वरचं झाडबी देवीला."

"आन इकायचं काय?" दादाभाऊनं विचारलं.

"कुंपणाकडंचे हिरडे हायती की! बांध आधी."

फडकं बांधून होईस्तोवर तो भिजत तिथंच बसला.

गेणभाऊ पुढच्याच जानेवारीत, २०२४ साली, भल्या सकाळी, घरीच वारला.