खोट्या शपथेचं कुंपण

विगमुंडचा आवाज ऐकला तरी एडगिथला शिसारी यायची. त्या सॅक्सन गावात सामाईक शेताला प्रत्येक घराने आपल्या वाट्याचं कुंपण घालायचं, असा रिवाज. विधवा एडगिथने फांद्या विणून आपला वाटा वेळेत पुरा केला. विगमुंड मात्र दारातल्या ओंडक्यावर बसून, आपण लढाईत किती मुंडकी उडवली त्याच्या बाता मारत राहिला.

एका पहाटे गुरं शेतात घुसली आणि सातूचं अर्धं पीक तुडवून गेली. निवाड्यासाठी गाव ओकच्या झाडाखाली जमलं.

"एडगिथच्या वाट्यातून घुसली! बाईमाणसाचं काम ते!" विगमुंड गरजला. "माझं कुंपण बघा, कसं भक्कम आहे!"

एडगिथने त्याच्या कुंपणातली एक काठी उपसून सगळ्यांपुढे धरली. "पानंसुद्धा सुकली नाहीत हिची. गुरं जाऊन घटकाभर झाली नाही, तोच भगदाड बुजवलंस होय रे, शूरवीरा?"

मुखिया ओस्रिकने घसा खाकरला. "विगमुंडसाठी शपथ कोण घेतंय?" ज्याच्या बाजूने जास्त जण शपथ घेतील त्याचं खरं, असा तिथला कायदा.

गावच्या नांगराला आठ बैल लागत. त्यांतले चार विगमुंडचे. सात जण शपथेला उठले. त्यांत एडगिथचा सख्खा दीर लेओफाही होता.

"माणसं कसली, त्याच्या बैलांची शेपटं तुम्ही," ती म्हणाली आणि घरातलं धान्य नुकसानीपोटी ओतून मोकळी झाली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

शरदात नांगरणी आली. एडगिथने आपले दोन बैल दिले नाहीत. उरलेल्या सहांना ती चिकणमाती ओढवेना. तीन दिवस नांगर रुतून बसला. चौथ्या दिवशी ओस्रिक दारात आला.

"पोरी, आपण एका गावची माणसं."

"शपथा घेताना कुठं गेलं होतं गाव?"

"काय हवंय तुला?"

"माझं धान्य. आणि शपथा मागे घ्या, ओकखाली, एकेकाने."

धान्य परत आलं, शपथाही एकेकाने मागे घेतल्या. लेओफा नुसता पुटपुटला. विगमुंड शेवटी म्हणाला, "चूक झाली असेल."

"असेल?"

"झाली."

तिने बैल जुंपले. पण जिंकल्याचं सुख काही वाटेना. बैलांसाठी खोटं बोलले, बैलांसाठीच खरं बोलले. यांच्या खऱ्याला तरी काय किंमत?

हिवाळ्यात लेओफाची बायको अडली. एडगिथ गेली, रात्रभर खपली, बाळ-बाळंतीण सुखरूप सोडवून आली. दिराने दिलेल्या ताकाला मात्र तिने हात लावला नाही.