लाँड्रीतला टायमर परीक्षेला बसतो

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. मोबाइलच्या पोटातला नव्हे हं. मुठीत मावणारा, पत्र्याचा, गोल गरगरीत, आणि स्वतःच्या पोटात स्प्रिंग असलेला. माझी चकती हवी तेवढी पिळायची, की मी टिकटिकत शून्याकडे निघतो आणि पोहोचलो की घणघणतो. माझे आजोबा मनोऱ्यावरचं घड्याळ होते. त्यांचे ठोके ऐकून समुद्रातली जहाजं बंदराकडे वळत. खोटं वाटत असेल तर त्या जहाजांना विचारा.

कारखान्यातून मी थेट एका खानावळीच्या स्वयंपाक्याकडे गेलो. तिथे माझा दरारा असा, की घंटा झाली रे झाली की उकडलेली अंडी आपण होऊन टरफलं उतरवून बशीत येऊन बसायची. पण एक दिवस तो धांदरट माणूस मला एप्रनच्या खिशातच विसरला आणि एप्रनबरोबर मी लाँड्रीत पोहोचलो. धुण्याच्या भल्यामोठ्या मशीनमध्ये मी साबणाचं पाणी प्यालो, गरगरलो, पिळलो गेलो. दुसरा कुणी असता तर तिथेच राम म्हणाला असता. मी बाहेर आलो तो नव्या नवरदेवासारखा चकचकीत. स्वयंपाक्याने निरोप धाडला, की आता त्याची अंडी साबणाच्या चवीची होतील, टायमर तुम्हीच ठेवा. अशी माझी बदली झाली.

लाँड्री म्हणजे नुसती इस्त्रीची टपरी नव्हती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, वाफ, घरघर आणि ओल्या कपड्यांचे डोंगर. या सगळ्यावर नजर ठेवायच्या ताई. सकाळी कुलूप त्याच उघडायच्या आणि संध्याकाळी मशीन बंद झाल्याशिवाय घरी जायच्या नाहीत. त्यांनी मला डागांच्या टेबलावर बसवलं आणि नियम घालून दिला. एका डागापाशी टायमर वाजेपर्यंतच झटायचं. वाजला, की कापड 'हट्टी' नावाच्या टोपलीत टाकायचं आणि पुढचं उचलायचं. हट्टी मंडळींकडे सगळं काम उरकल्यावर बघायचं. नाहीतर एका चादरीपायी दहा चादरी खोळंबतात.

आता खरी गंमत ऐका. ताईंना व्यवस्थापनाच्या कॉलेजात जायचं होतं. मालक म्हणाले होते, तुला सगळं येतं, कशाला हवा हा उपद्व्याप? त्यावर ताईंनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "कपडे कसे धुवायचे ते मला येतं. लाँड्री कशी चालवायची ते शिकायचंय." पण त्या कॉलेजाची प्रवेश परीक्षा त्या एकदा देऊन नापास झाल्या होत्या. आता दुसरी खेप, आणि तीच शेवटची. कारण पुढच्या वर्षी मालक दुसरी शाखा उघडणार होते. मग ताईंना मान वर करायलाही फुरसत मिळणार नव्हती. आत्ता नाही, तर कधीच नाही.

मग काय, माझी दुहेरी नोकरी सुरू झाली! सकाळी डाग, जेवणाच्या सुट्टीत गणितं. उशांच्या अभ्र्यांच्या ढिगावर लॅपटॉप, शेजारी डबा, आणि डब्यावर मी. लाँड्रीला परीक्षेचं वारंच लागलं. ताई साबण आणि पाण्याचं प्रमाण सांगता सांगता त्याचंच गणित घालायच्या. इस्त्रीवाल्या मावशी कडक कॉलर दाबता दाबता उत्तर ठोकून द्यायच्या. बहुतेक वेळा चुकीचं, पण आवाज असा ठणठणीत, की बरोबर उत्तरवाल्याला स्वतःचीच शंका यावी. घरी ताईंचे सासरे त्यांची उजळणी घ्यायचे. ताई त्यांना बाबा म्हणायच्या. बाबा म्हणजे निवृत्त सुतार. प्रश्न वाचून दाखवायचे आणि वर शेरा मारायचे, की हा प्रश्न ज्याने काढला त्याला घरी काही काम दिसत नाही.

पण ताईंचं घोडं एकाच जागी अडत होतं. गोल टेबलाभोवती पाहुणे बसवायचे. अमका तमक्याच्या डावीकडे बसणार नाही, तमकीला अमक्याचं तोंड बघायचं नाही, तर मग कोण कुठे बसला? पहिल्या परीक्षेत याच रुसव्याफुगव्यांपायी निम्मा वेळ गेला होता. आता सरावातही तेच. मी घणघणलो, की ताई माझ्या डोक्यावर हात ठेवून मला गप्प करायच्या आणि गुपचूप आणखी एक पीळ द्यायच्या. मी वाजतोय, त्या पिळताहेत. माझ्या पोटात कळा यायला लागल्या, आणि पाहुणे मेले उभेच!

एका दुपारी डागांच्या टेबलावरची नवी मुलगी माझी घंटा होऊनही एका टेबलक्लॉथला खसाखसा घासत राहिली. ताई तिच्यावर कडाडल्या, "वाजलं ना? मग सोड. एकाच डागाला किती वेळ धरून..." आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्या माझ्याकडे बघू लागल्या.

मावशींनी इस्त्री उभी केली आणि विचारलं, "काय ताई, पाहुण्यांनाही टाकायचं का हट्टीच्या टोपलीत?"

सगळी लाँड्री हसली, आणि सगळ्यांत जोरात ताई हसल्या. त्या दिवसापासून मला चोरून पीळ बसला नाही. मी वाजलो, की ताई तो प्रश्न सोडून पुढे. मित्रांनो, काय वेग आला म्हणून सांगू! पुस्तकाची पानं फडफडून इस्त्रीचे कपडे उडायला लागले. बरं, एखादाच रुमाल उडाला असेल, पण उडाला.

परीक्षेच्या दिवशी टायमर आत नेता येत नाही, म्हणून मी बाहेर बाबांच्या हातात होतो. फाटकासमोरच्या बाकावर बाबांनी आपली वेगळी परीक्षा मांडली. आत एकेक भाग सुरू व्हायच्या वेळेला बाहेर मला पीळ. मग माझ्या चकतीवर डोळे लावून पुटपुटणं. "सोड आता. अगं, सोड म्हणतो ना. पुढे चल." शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं आणि मग त्यांनी बाकच सोडला. बाबांना पत्ताही नाही. त्यांच्या तळहाताला असा घाम सुटला होता, की मला पुन्हा त्या धुण्याच्या मशीनची आठवण झाली. माझी टिकटिक चालली होती की त्यांच्या छातीची धडधड, ते आम्हा दोघांनाही कळेना.

ताई बाहेर आल्या. बाबांनी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "पाहुणे आले होते."

"मग?"

"दारातूनच परत पाठवले."

बाबा असे काही हसले, की समोरच्या झाडावरचे कावळे सरळ पुढच्या गावाला गेले.

त्यानंतर वाट बघणं. निकाल लागायचा होता त्या सकाळी हॉटेलचे टेबलक्लॉथ आले. ताईंनी ते डागांच्या औषधात भिजवले, मला पीळ दिला, आणि तेवढ्यात मावशी मोबाइल घेऊन धावत आल्या. निवड यादी लागली होती. ताईंचे कोपरापर्यंत रबरी हातमोजे. त्या टाक्यातले हात काढेनात. म्हणाल्या, घंटा होऊ दे, मग बघू. चेहरा मात्र चादरीसारखा पांढरा.

सगळे जागच्या जागी थांबले. मालक दारात. मावशींच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकाचे डोळे माझ्यावर. आता टायमरचा धर्म एकच: वेळेआधी तोंड उघडायचं नाही. मी धरून ठेवलं. खूप धरून ठेवलं. पण मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? अजून बराच पल्ला बाकी असताना मी सगळं बळ एकवटून घणघणलो!

ताई दचकल्या. त्यांनी हातमोजे ओढून काढले, मोबाइलवर नंबर टाकला आणि चादरींच्या ढिगावर मटकन बसल्या. मावशी म्हणाल्या, "अहो, बोला काहीतरी. चांगलं की वाईट?"

"आहे," ताई म्हणाल्या. "यादीत माझं नाव आहे, मावशी."

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. मालकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या आणि मग कपाळाला हात लावला, कारण आता कुलूप कोण उघडणार?

टेबलक्लॉथ मात्र डागांसकट बाहेर निघाले. ते सगळे पुन्हा भिजवावे लागले. भिंतीवरच्या घड्याळाने माझी चुगली केली आणि मालकांनी ठरवलं, की टायमर बिघडला. माझ्या जागी एक नवा आला आहे. 'पीप पीप' करतो, आणि ठरल्या क्षणीच करतो. मी बटणांच्या खणात पडून असतो. पोटातली स्प्रिंग ठणठणीत आहे, पण विचारतो कोण?

तरी मित्रांनो, मला खंत नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं जुनं घड्याळ वेळेआधी वाजलं, तर लगेच त्याला भंगारात काढू नका. आधी इकडेतिकडे बघा, घरात कोण कशाची वाट बघत बसलंय.