न जाळलेला वाफा

मासवणजवळच्या एका पाड्यावर झिपरूच्या शेतात माझे दोन वाफे होते. एका वाफ्यात दरवर्षी राब जाळायचा, दुसऱ्यात जाळायचा नाही आणि तीन वर्षं दोन्हीकडची माती तपासायची, एवढंच माझं काम. १९६३ साल होतं. त्या कामासाठी शेतकी खात्याने मला पालघरला ठेवलं होतं.

राब म्हणजे काय ते सांगतो. भाताचं बी पेरण्याआधी इकडचे लोक वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि ऐनाच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या अंथरतात, वर माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते सगळं जाळतात. तण मरतं, राख मिळते, रोप तरारून येतं. पण पाल्यातला कर्ब आणि नत्र बराचसा धुराबरोबर निघून जातो. तोच पाला न जाळता मातीत गाडला तर? हा माझा प्रश्न होता.

झिपरूचा प्रश्न वेगळा होता. आदल्या वर्षी त्याची थोरली मुलगी भागी राबाच्या फांद्या तोडायला ऐनावर चढली होती. बारा वर्षांची पोर. पायाखालची फांदी मोडली आणि ती वाचली नाही. पाड्यात कोणी मला वाफा द्यायला तयार नव्हतं. झिपरू आपणहून आला.

"खाली पडलेला पाला चालंल ना, साहेब? झाडावर चढाया नको ना?"

"नको. गोळा केलेला पाला पुरेल."

"मंग घ्या वाफा. माजी एक पोर अजून हाय."

ती बुधी. आठ वर्षांची, सारखी माझ्या मागे मागे, प्रश्न विचारत.

पहिल्या वर्षी न जाळलेल्या वाफ्यातलं रोप पिवळं पडलं. शेजारचा गोमा बांधावर उभा राहून ओरडला, "झिपऱ्या, भात पेरलास का हळद?" सगळा पाडा हसला. झिपरूही हसला, पण त्याच्या बायकोला, नवसीला, भावाकडून रोप मागून आणावं लागलं.

"साहेब, याला काय झालं?" बुधीने विचारलं.

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. "मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पाला मिळाला की ते जेवायला बसतात. पण पाल्यात कर्ब खूप आणि नत्र कमी. म्हणजे भाकर खूप, कालवण थोडं. मग ते मातीतलं कालवण ओढून घेतात. रोपाला काही उरत नाही. ते उपाशी राहतं, म्हणून पिवळं."

"मंग ते कवा जेवंल?"

"त्या जीवांचं पोट भरलं की. दोन-तीन वर्षं लागतील."

"तीन वर्सं उपाशी?" तिने डोळे मोठे केले. मी हसलो.

दुसऱ्या वर्षी पिवळेपणा कमी झाला. मातीतलं नत्र थोडं वाढलेलं दिसलं. "पुढल्या साली ये बघाया," झिपरूने गोमाला सांगितलं. हिवाळ्यात तो आणि नवसी वीटभट्टीवर गेले. बुधी आत्याकडे, बायडीकडे राहिली.

वैशाखात मी मातीच्या नमुन्यांसाठी डबे घेऊन गेलो, तर दोन्ही वाफे काळे.

बुधी धावत आली. तिच्या नडग्या सोलवटल्या होत्या. "साहेब, आता ते उपाशी नाय राहणार! त्याला पण राब दिला. फांद्या मीच तोडल्या, दहा दिवस!"

"कुठून?"

"भागीच्या ऐनावरून. बाकीची झाडं लोकांनी आधीच बोडकी केली."

कामाला परगावी गेलेल्या माणसाचा राब पाड्याने जाळून द्यायचा, अशी तिथली रीत. बायडीने हाक दिली होती आणि आग लावायला गोमाच आला होता. हळद म्हणून चिडवणारा गोमा. पोरीने दोन्ही वाफे भरून ठेवलेले पाहून, झिपरूने नाद सोडला असं समजून त्याने दोन्ही पेटवले.

बुधी माझ्या तोंडाकडे बघत होती. "चुकलं?"

"नाही," मी म्हणालो. तोवर मी तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी झिपरू परतला. मी बांधावर त्याची वाट बघत बसलो होतो. त्याने वाफे पाहिले, मग बुधीच्या नडग्या. तो माझ्याजवळ येऊन बसला.

"नसता जाळला, तर औंदा हिरवं झालं असतं?"

"मला वाटतं, झालं असतं. पण मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

"परत पयल्यापासनं करू. माजी तयारी हाय. गोमाला हसू दे."

"झिपरू, वाफा जळाल्याचं मी वर कळवलं. या महिन्यात माझं काम बंद होतंय. मला दुसरीकडे पाठवताहेत."

"दुसरा साहेब येईल ना?"

"नाही."

"मंग कागदावर काय लिवणार?"

"दोन वर्षांत रोप हिरवं झालं नाही, एवढंच."

तो पायाच्या अंगठ्याने राख उकरत राहिला. समोर खोपीच्या दारात बुधी आईला दाखवत होती, वरची फांदी कशी धरली, पाय कुठे टेकला. एका पायावर उभं राहून, दोन्ही हात वर करून.

"तिला नीट चढाया शिकवाया पायजे," झिपरू म्हणाला आणि उठून त्याने पोरीला हाक मारली.