कडीत अडकलेला निळा दोरा

आईच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं? मंडळी, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच घरात येतो की नाही! उरकरावांच्या घरात तो आला आणि दहा मिनिटांत सुटलासुद्धा. उरकराव म्हणजे टपाल कचेरीतले कारकून. काम हातात आलं की उरकून मोकळे, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव.

"आईची ती सोन्याच्या नाण्यांची माळ आहे ना," ते बायकोला म्हणाले, "पार झिजलीय. वितळवून मस्त चेन करू. सरप्राईज!"

"अहो, त्यांना विचारा तरी!"

"विचारलं तर सरप्राईज कसलं?"

आणि आईला काय सांगितलं? "पॉलिश करून आणतो." बिचारीनं गळ्यातली माळ काढून दिली!

सोनाराच्या दुकानात भट्टी पेटलेली, पक्कड पहिल्या नाण्याच्या कडीला लागलेली, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "थांब रे! आधी मला बघू दे." ही सोनाराची थोरली बहीण. डोळ्याला कायम भिंग, म्हणून सगळा बाजार तिला भिंगताई म्हणतो.

"ताई, बघायचं काय त्यात?" उरकराव म्हणाले. "गुळगुळीत झालेली सात नाणी. वजन करा, विषय संपला."

"वजन काय, काटाही सांगतो. मग मी कशाला हवी?"

तिनं माळ टेबलावर गोल मांडली. "ही टोकाची दोन मानेमागे असायची, घासलीच नाहीत. चेहरा बघा कसा कोरीव! कडी जोडल्याचा डाग आहे, म्हणून नाणी जमवणारा निम्मीच किंमत देईल. तरी ती वितळवलेल्या सोन्याहून जास्त भरेल. आणि ही पुढची पाच..."

ती पुढे वाकली. भिंग आणखी खाली नेलं.

"तुमच्या आई काय काम करायच्या?"

"आई? काही नाही. घरीच असायची."

"काही नाही? मग पाचही नाणी खालच्याच कडेला का झिजलीत? ओरखडे बघा, सगळे आडवे! ही बाई लोखंडावर वाकून बसायची, माळ पुढे लोंबायची, घासायची. एक-दोन दिवस नाही हो, वर्षानुवर्षं!"

मग तिनं एका कडीतून चिमट्यानं काहीतरी अलगद ओढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

निळा दोरा. जेमतेम पेरभर.

उरकराव बघतच राहिले. निळा! शाळेच्या शर्टाचा निळा! अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे शर्ट आईनं घरातल्या पायडलच्या शिलाई मशीनवर शिवले होते. त्याच खडखडाटात ह्यांनी पाढे पाठ केले, त्यातूनच ह्यांची फी निघाली. आणि शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर ह्यांनी काय लिहिलं? आईचा व्यवसाय: काही नाही. स्वतःच्या हातानं! बाप रे! एवढीशी नाणी, पण आईच्या कष्टाची चाळीस वर्षं जपून ठेवली त्यांनी, आणि आपण ती भट्टीत घालायला निघालो होतो!

"बंद करा ती भट्टी!" ते ओरडले. "ही माळ आता काचेच्या पेटीत. कुणी हात लावायचा नाही!"

"हे तरी त्यांना विचारलंत?" भिंगताईनं हसून फोन पुढे सरकवला.

अर्ध्या तासात बायको आईला घेऊन हजर. फोनवर ऐकलेलं सगळं तिनं वाटेत सांगितलं होतंच. आईनं लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पेटीत? का रे, मेलेय का मी? कधीची सांगतेय, माळ जड होते, मान भरून येते. ऐकतंय कोण! ताई, टोकाची दोन विका, चांगल्या भावानं. मोटरचं मशीन घ्यायचंय मला. पायडल मारवत नाही आता."

"आणि ही झिजलेली?" उरकरावांनी विचारलं.

आईनं त्या नाण्यांवरून अंगठा फिरवला. "मधलं एक मला दोऱ्यात ओवून दे. चार सूनबाईला. तिनं 'विचारा' म्हटलं होतं ना!"

विक्रीच्या कागदावर विकणाऱ्याच्या व्यवसायाचा रकाना होता. उरकरावांनी पेन घेतलं. ज्या माणसानं जन्मात काही सावकाश केलं नाही, त्यानं एकेक अक्षर सावकाश काढलं: शिवणकाम.

मंडळी, जुनं सोनं मोडण्याआधी जाणत्याला दाखवाच. पण ज्या बाईनं ते अंगावर वागवलं, तिला त्याहून आधी विचारा! आणि 'आई काही करत नाही' असं पुन्हा तोंडात आलं, तर जीभ चावा आणि तिच्या वस्तू एकदा भिंगाखाली धरून बघा!