पाव फेरा

दंतवैद्यबाई श्वास घेत तेव्हा त्यांच्या सिलिंडरच्या हवेच्या गेजचा काटा दोनशेवरून एकशे साठवर यायचा. श्वास थांबला की परत दोनशेवर. मी त्यांना चार श्वास घ्यायला लावले. चारही वेळा तेच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर काटा हलत नाही. बोटीवर बसून एवढी हवा पुरते. वीस मीटर खाली पुरत नाही.

मी व्हॉल्व्ह उघडला. मग त्यांचे पट्टे तपासले, वजनं तपासली, पुन्हा पट्टे.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग किती तपासताय? दात काढण्याआधी मी एवढं तपासलं तर पेशंट पळून जाईल."

"तिचं मनावर घेऊ नका," दादा पलीकडून म्हणाला. "दूध गरम आहे म्हटलं तरी ही बोट घालून बघायची. लहानपणापासून."

सगळे हसले. व्हॉल्व्ह त्यानंच उघडले होते. जुन्या डायव्हरांची पद्धत: पूर्ण उघडायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा. दादाचा हात उलटा फिरतो आहे. पूर्ण बंद, मग पाव फेरा उघडा. महिन्यात तिसऱ्यांदा. पहिल्यांदा माझ्या सिलिंडरवर, नंतर त्याच्या स्वतःच्या. दोन्ही वेळा मी गुपचूप उघडून टाकला. आज विद्यार्थिनीच्या.

बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं होतात. मी दोनदा जाऊन आले. मग त्याला मागे, इंजिनापाशी बोलावलं.

"बाईंचा व्हॉल्व्ह पावच उघडा होता."

"पाव मागे घेतोच मी. तीस वर्षं घेतोय."

"मागे नव्हता, दादा. पावच उघडा होता."

त्यानं हवेत हात फिरवून बघितला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग मूठ मिटली.

"होतं एखाद्या वेळी."

"तीनदा झालंय."

"मग आधी का नाही बोललीस?"

मला पाण्यात उतरायला त्यानं शिकवलं. दम किती आहे याला फार किंमत नाही, सगळं अंगावर चढवून झाल्यावरही 'आज नको' म्हणता आलं पाहिजे, हेही त्यानंच शिकवलं. मी तीन आठवडे त्याची खोली आवरत होते, नळ्या धूत होते, त्याची नजर चुकवत होते.

"चल, लोक ताटकळलेत," म्हणत त्यानं पाण्यातला चष्मा कपाळावर चढवला.

इंजिन चालू होतं. ऐकू जावं म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि ते सगळ्या बोटीनं ऐकलं.

"दादा, आजपासून तू पाण्यात उतरायचं नाहीस. आणि कुणाच्या सिलिंडरला हातही लावायचा नाहीस."